पहिल्या स्टँडवर बसायला सांगितलंय, आता काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आपल्या भागातल्या सामुदायिक वाद्यवृंदात तुम्ही तीन वर्षं दुसऱ्या व्हायोलिनमध्ये, म्हणजे व्हायोलिनच्या दोन विभागांपैकी दुसऱ्यात, वाजवताय. विभागाच्या प्रमुख बाई आता जागा सोडताहेत आणि कंडक्टरनी तुम्हाला त्यांच्या खुर्चीवर बसायला सांगितलंय. तुमच्या मागेच तुमच्यापेक्षा तयार हाताची एक वादक बसते, म्हणून तुम्हाला संकोच वाटतोय. कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनचा प्रमुख, आणि बाकीच्या विभागांचे प्रमुख नेमकं काय करतात, त्यांना कसं निवडावं आणि पहिल्या तालमीला तुम्ही काय करायचं, हे तुम्हाला हवंय.

जागा घ्या. बाकीचं उत्तर लांब आहे.

मी हौशी वाद्यवृंदांत तीस वर्षांहून अधिक काळ व्हायोलिन वाजवतोय. मधली अकरा वर्षं दुसऱ्या व्हायोलिनचा प्रमुख होतो, नंतर काही वर्षं कॉन्सर्टमास्टर. आता शेवटच्या स्टँडवर बसतो (एका स्टँडवरची स्वरलिपी दोघं मिळून पाहतात), आणि ती जागा मी स्वतः मागून घेतली. पुढे बसून इतकी वर्षं जे नीट उमगलं नव्हतं ते मागे बसल्यावर पहिल्याच महिन्यात उमगलं: पुढच्या माणसाचं वाजवणं मागे फारसं पोहोचतच नाही. पोहोचतो तो त्याचा हात.

शेवटच्या खुर्चीवरून काय दिसतं ते सांगतो. समोर चार-सहा जणांच्या पाठी. त्यांच्यामधल्या फटीतून कंडक्टरच्या बॅटनचं, म्हणजे हातातल्या छडीचं, टोक, तेही हात वर गेला तरच. पहिल्या स्टँडवरच्या प्रमुखाचा चेहरा दिसत नाही, उजवं कोपर दिसतं आणि गज लांब ओढला की गजाचं टोक दिसतं. कानावर आधी पडतो तो मागच्या ब्रासचा, म्हणजे पितळी फुंकवाद्यांचा, आवाज, मग शेजारच्याचा, मग स्वतःचा. आपल्याच विभागाचा पहिला स्टँड सगळ्यांत शेवटी, आणि तोही पुसट.

याला साधं भौतिकशास्त्र कारण आहे. 20 अंश तापमानाला आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे 10 मीटर अंतर कापायला त्याला जवळपास 29 मिलिसेकंद लागतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एका मात्रेचे चार भाग केले तर एकेक भाग 125 मिलिसेकंदांचा होतो. मागचा वादक ऐकून वाजवायला लागला की तो त्या भागाच्या जवळजवळ पाव हिश्शानं मागे पडतो, आणि त्याचा आवाज पुढे यायला पुन्हा वेळ लागतो. श्रोत्याला यात चूक कुठे आहे ते सांगता येत नाही. वाजवणं ढिलं वाटतं एवढंच कळतं. म्हणून मागच्यांनी बघून वाजवायचं असतं. आणि त्यांनी बघायचं तर पुढच्यानं दिसायला हवं.

दिसणं म्हणजे अंग घुसळणं नव्हे. सुरुवातीच्या आधीची एक पूर्ण मात्रा श्वास घ्यायचा, त्याच लयीत. गज तारेवर येतो तो त्याच श्वासाबरोबर. संथ, गहिरा आवाज हवा असेल तर हात जड आणि सावकाश उतरतो. टोकदार, तुटक आवाज हवा असेल तर हात आधीच तारेवर थांबलेला असतो आणि फक्त मनगट हलतं. गवई नजरेनं तबलजीला सम दाखवतो ना, तसंच हे. तबलजीला त्यात सम कधी आहे एवढंच कळत नाही, ती कशी पडणार आहे तेही कळतं. चांगल्या प्रमुखाच्या एका उचललेल्या गजात लय, जोर आणि स्वभाव तिन्ही असतात, आणि सगळा विभाग तो गज वाचतो. हे आरशासमोर उभं राहून शिकता येतं. तुमच्याकडे पुढच्या कार्यक्रमाचे पार्ट, म्हणजे आपापल्या वाद्याच्या स्वरलिपीचे कागद, आले की त्यातल्या सगळ्या सुरुवाती, म्हणजे विश्रांतीनंतरच्या एन्ट्री, फक्त तेवढ्याच, आरशासमोर करा. सूर वाजवायची गरज नाही. श्वास, गज, थांबा. रोज दहा मिनिटं पुरेत.

आता कॉन्सर्टमास्टर. ही खुर्ची कंडक्टरपेक्षा जुनी आहे. अठराव्या शतकात वाद्यवृंदासमोर बॅटन घेतलेला माणूस सहसा नसे. पहिला व्हायोलिनवादक गजानं आणि कीबोर्डवरचा माणूस हातांनी सगळ्यांना बरोबर ठेवत. संगीतकार हायडन 1791 मध्ये लंडनला गेला तेव्हा त्याच्या सिम्फनींचं, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या लांब, सहसा चार भागांच्या रचनांचं, नेतृत्व योहान पीटर सालोमन हा व्हायोलिनवादक पहिल्या खुर्चीवरून करत होता, आणि हायडनही कीबोर्डवर असे. 97 क्रमांकाच्या सिम्फनीत एका ठिकाणी हायडननं पहिल्या व्हायोलिनच्या ओळीवर लिहून ठेवलंय की इथे सालोमननं एकट्यानं वाजवावं, पण हळू. ती सूचना मला फार आवडते. सगळ्यांत पुढे असलेल्या माणसाला संगीतकार सांगतोय की तू एकटा आहेस, म्हणून हळू.

एकोणिसाव्या शतकात बॅटन आला तरी पॅरिसमध्ये आबनेक हा कंडक्टर गज हातात घेऊनच वाद्यवृंद चालवत असे. ब्रिटनमध्ये कॉन्सर्टमास्टरला आजही लीडर म्हणतात. तेव्हा कंडक्टर आल्यावर तो आधी कॉन्सर्टमास्टरशी हात मिळवतो यात मानापेक्षा इतिहास जास्त आहे: सत्ता ज्याच्याकडून आली त्याला केलेला नमस्कार आहे तो. आणि कंडक्टर अजिबात नसला तरी चालतं का, तर चालतं. मॉस्कोत 1922 साली पेरसिमफान्स नावाचा वाद्यवृंद कंडक्टरशिवाय सुरू झाला आणि दहा वर्षं चालला. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा 1972 पासून कंडक्टरशिवाय वाजवतोय. तिथे पहिली खुर्ची एकाच माणसाची नसते, रचनेप्रमाणे बदलते, आणि प्रत्येक विभागातला एकेक जण मिळून आधी ती रचना बसवतात, मग सगळे एकत्र येतात. त्यांची पातळी वेगळी आहे. पण प्रमुख वादकांनी तालमीआधी एकत्र बसणं, ही गोष्ट कुठल्याही हौशी वाद्यवृंदाला परवडते. आमच्याकडे आम्ही हंगामाच्या सुरुवातीला पाच तंतुवाद्यांचे प्रमुख एक संध्याकाळ फक्त पार्ट आणि पेन्सिली घेऊन बसायचो. त्या एका संध्याकाळीनं पुढच्या आठ तालमी हलक्या व्हायच्या.

त्या संध्याकाळी करायचं काम म्हणजे गजाची दिशा ठरवणं, बोइंग. गज हाताजवळून टोकाकडे ओढला की सुरुवातीला वजन आपोआप पडतं आणि आवाज उतरत जातो. टोकाकडून हाताकडे ढकलला की आवाज चढवणं सोपं जातं. म्हणून कोणता सूर कोणत्या दिशेला, यावर वाक्याचा आघात ठरतो. पेशेवर वाद्यवृंदात कॉन्सर्टमास्टर खुणा करतो, त्या पाहून दुसऱ्या व्हायोलिनचा, व्हायोलाचा, चेलोचा, बासचा प्रमुख आपापल्या खुणा करतो आणि पहिल्या तालमीआधी त्या सगळ्यांच्या पार्टवर उतरलेल्या असतात. हौशी वाद्यवृंदात हे तालमीत, सगळ्यांना थांबवून होतं, आणि माझा सगळ्यांत मोठा राग त्याच्यावर आहे. साठ जण बसलेत, दोन मिनिटं बोइंग बदलायला गेली, म्हणजे माणसांचे दोन तास गेले. एका तालमीत असं पाच वेळा होतं. दिवसभर नोकरी करून आलेल्या माणसांचे ते तास आहेत.

बोइंग ठरवताना आपल्या विभागाचा हात ओळखून ठरवा. संगीतकारानं आठ सुरांवर एकच कमान, म्हणजे ते सगळे एकाच गजात घ्यायची खूण, काढली असेल आणि त्यात मोठा आवाज मागितला असेल, तर हौशी हातांचा गज मध्येच संपतो आणि आवाज बसतो. तिथे कमान दोनात तोडा, बदल ऐकू येणार नाही असा करायला शिकवा. काही प्रमुख ध्वनिमुद्रणातल्या मोठ्या वाद्यवृंदाचे बोइंग जसेच्या तसे उतरवतात. ते त्या हातांसाठी केलेले असतात, तुमच्या हातांसाठी नव्हे. आणि खुणा पेन्सिलीनंच, कारण पार्ट बहुतेकदा भाड्यानं आणलेले असतात आणि पुसून परत द्यायचे असतात. पान उलटायचं काम आतल्या बाजूला बसलेल्याचं, ओळ दोन भागांत फुटली की वरचा सूर बाहेरच्याचा आणि खालचा आतल्याचा. हे तुम्हाला ठाऊकच असेल.

दुसऱ्या व्हायोलिनच्या प्रमुखाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती खुर्ची तुमची आहे आणि तिची किंमत फार थोड्यांना कळते. लोकांना वाटतं, पहिल्यात जागा मिळाली नाही ते दुसऱ्यात. चायकॉव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीचा, 1893 सालच्या, शेवटचा भाग उघडा. सुरुवातीला खाली उतरत जाणारी ती शोकाकुल धून सगळ्यांना ऐकू येते, पण ती कुणाच्याही पार्टमध्ये सलग लिहिलेली नाही. एक सूर पहिल्या व्हायोलिनकडे, पुढचा दुसऱ्याकडे, पुन्हा पहिल्याकडे. आमच्याकडे ती बसवताना मी कंडक्टरना विनंती केली की आधी फक्त आम्हाला वाजवू द्या. आम्ही वाजवलं: उड्या मारणारे, वेडेवाकडे सूर, धुनेचा पत्ता नाही. मग फक्त पहिली व्हायोलिनं वाजली: तसेच उडते, तुटलेले सूर. मग दोन्ही एकत्र. माझ्या मागच्या स्टँडवर नव्यानं आलेला मुलगा वाजवायचं थांबला आणि ऐकत राहिला. त्यानं आपल्या पार्टमध्ये ती धून आठ दिवस शोधली होती.

त्या दिवसापासून मी आमच्या विभागाला एकच सांगत आलो: आपण पहिल्यांच्या मागे नाही, मध्ये आहोत. वर पहिली व्हायोलिनं, खाली व्हायोला, आणि आपण दोघांना जोडतो. वॉल्ट्झमध्ये दोन-तीन, दोन-तीन असे मात्रेनंतरचे सूर आपल्याकडे असतात, ते आळसावले की सगळा नाच बसकण मारतो. सुरांच्या मेळात ग, म्हणजे गांधार, बहुतेकदा आपल्याकडे असतो, तो चढला की सगळा मेळ आंबतो. तेव्हा प्रमुख म्हणून तुमचा एक कान कायम चेलो आणि बासकडे हवा. पहिली व्हायोलिनं धून रंगवताना लय थोडी ओढतात, ढिली करतात, ते त्यांना शोभतं. तुम्ही त्यांच्या मागे गेलात तर बासशी तुटता. बासबरोबर राहा, पहिली आपोआप परत येतात.

आणि प्रमुखानं मोठ्यानं वाजवायचं नसतं. नव्यानं पुढे आलेला जवळजवळ प्रत्येक जण ही चूक करतो, मीही केली. वाटतं, मागच्यांना आधार द्यायला हवा. मोठ्यानं वाजवलं की श्रोत्याला एक व्हायोलिन आणि मागे सात-आठ व्हायोलिनं असं ऐकू येतं, आणि मागचे आणखी दबतात. विभागाच्या आवाजापेक्षा किंचित कमी वाजवा. फार हळू जागी तर गज टोकाकडे ठेवून इतकं बारीक वाजवा की मागच्यांना तुमचा हात पाहूनच कळावं, एवढंच हवंय.

ओबो या फुंकवाद्याच्या प्रमुखाकडे सगळे सुरुवातीला वळतात, कारण जुळवणीचा सूर तो देतो. आंतरराष्ट्रीय मानक त्या सुरासाठी सेकंदाला 440 आवर्तनांचं आहे, युरोपातले बरेच वाद्यवृंद 442 किंवा थोडं वरही जातात. ओबोचा आवाज गर्दीतून आरपार जातो आणि त्याला स्वतःचा सूर फार हलवता येत नाही, म्हणून हे काम त्याच्याकडे. सूर लावताना शांतता राखणं मात्र तुमचं काम आहे. तुमचा विभाग बारीक आवाजात तारा जुळवायला शिकला तर बाकीचे तुमचं बघून शिकतील. खोली थंड असेल तर वीस मिनिटांनी पुन्हा सूर घ्यायला सांगा: हवा एका अंशानं तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरनं वाढतो आणि फुंकून वाजवायच्या वाद्यांचा सूर चढतो, तर तार तापली की सैल होते आणि उतरते. म्हणजे दोघं एकमेकांपासून दूर पळत असतात, आणि चूक कुणाचीच नसते. हे न कळल्यामुळे बासरी आणि व्हायोलिनवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं चाललेली कुरबुर मी पाहिली आहे.

वुडविंडच्या, म्हणजे बासरी, ओबोसारख्या फुंकवाद्यांच्या, प्रमुखांचं काम तुमच्यापेक्षा अगदी वेगळं आहे. तिथे एका पार्टवर एकच माणूस, त्याच्या मागे कुणी लपलेलं नाही आणि तोही कुणामागे लपू शकत नाही. बासरी आणि ओबोचे प्रमुख शेजारी, क्लॅरिनेट आणि बसून या वाद्यांचे त्यांच्या थेट मागे, असा चौघांचा चौकोन मधोमध असतो तो यासाठीच की त्यांना एकमेकांचा श्वास ऐकू यावा. बेथोवनच्या पाचव्या सिम्फनीत पहिल्या भागात सगळा वाद्यवृंद मध्येच थांबतो आणि ओबो एकटा एक छोटी, मोकळी ओळ म्हणतो. तिथे कंडक्टरला मात्रा मोजता येत नाहीत, तो ओबोची वाट पाहतो. पूर्ण वाद्यवृंद एका हौशी माणसाच्या श्वासावर थांबलेला असतो. अशा वेळी तुम्ही काय करायचं? स्थिर बसायचं, गज हलवायचा नाही, त्याच्याकडे बघायचं नाही.

त्यांच्या सुरांबद्दल एक गोष्ट सगळ्या प्रमुखांनी समजून घ्यावी अशी आहे. मेजर कॉर्ड म्हणजे आपल्या भाषेत सा, ग, प एकत्र. पियानोच्या पट्टीतला ग नैसर्गिक गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. 100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर. तानपुरा चांगला लागला की न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो, तो हाच उतरलेला गांधार. आता क्लॅरिनेटवाल्याच्या स्टँडवर ट्यूनर लावलेला आहे, सुई मधोमध आहे, दिवा हिरवा आहे, आणि तरी कॉर्ड कडवट लागतेय. त्याच्याकडे ग असेल तर सुई जराशी डावीकडे हवी. हे त्याला त्याचा विभागप्रमुखच शांतपणे सांगू शकतो. आपल्या कानांना तर हा गांधार तानपुऱ्यानं लहानपणीच शिकवलेला असतो, त्याचा उपयोग करावा.

ब्रासच्या प्रमुखांविषयी: हॉर्न या पितळी वाद्याच्या पहिल्या वादकाला एक मदतनीस द्या. मोठ्या आवाजाच्या जागा मदतनीस उचलतो आणि पहिल्याचे ओठ त्याच्या एकट्या ओळीसाठी ताजे राहतात. चायकॉव्हस्कीच्या पाचव्या सिम्फनीच्या दुसऱ्या भागातली ती लांब धून थकलेल्या ओठांनी वाजवणं म्हणजे शिक्षा आहे. ट्रॉम्बोनचं दुःख निराळं, ते वाट पाहतात. बेथोवनच्या पाचव्यात ते थेट शेवटच्या भागात येतात. ब्राह्म्सच्या पहिल्या सिम्फनीतही तीन भाग नुसते बसतात आणि मग चौथ्यात पहिली ओळ येते ती प्रार्थनेसारखी, हळू, तोंड थंड पडलेलं असताना. तालमीचं वेळापत्रक आखताना त्यांना दोन तास बसवून ठेवू नका, शेवटचा भाग आधी घ्या आणि त्यांना जाऊ द्या. द्वोर्झाकच्या नवव्यात ट्यूबा फक्त दुसऱ्या भागात मोजके सूर वाजवतो आणि झांज शेवटच्या भागात एकदाच वाजते. त्या एका आघातासाठी येणाऱ्या माणसाला तालमीत कोणत्या वाजता यायचं ते आधी कळवणं, याला मी प्रमुखाचं काम म्हणतो. तालवाद्यांचा प्रमुख हे करत नसेल तर कॉन्सर्टमास्टरनं करावं.

आता तुमचा संकोच. तुमच्या मागे बसणारी जास्त तयार आहे, तरी कंडक्टरनी तुम्हाला का निवडलं? मी त्यांच्या मनात शिरू शकत नाही, पण मी स्वतः प्रमुख निवडायच्या बैठकांत बसलो आहे आणि तिथे हाताची सफाई पहिल्या क्रमांकावर कधीच नव्हती. प्रत्येक तालमीला येतो का, हे पहिलं. पार्ट पाहून येतो का. लय पक्की आहे का. चूक झाली तर चेहरा शांत राहतो का. मागच्यांशी बोलतो का. सफाई यानंतर. पेशेवर वाद्यवृंदात हे सगळं गृहीत असतं म्हणून तिथे वाजवण्यावर निवड होते. आपल्याकडे गृहीत काहीच नसतं. माझं मत असं की प्रमुखाची मुदत दोन-तीन वर्षांची असावी आणि आधी सांगितलेली असावी. जागा आयुष्यभराची झाली की ती सोडणं अपमानाचं होतं, आणि मागे गेलेला माणूस पुन्हा येत नाही.

त्या मागच्या वादकाशी पहिल्या तालमीआधी बोला, स्वतः जाऊन. माझ्या वेळेला मी आमच्या सगळ्यांत तयार हाताच्या ताईंना विचारलं होतं की तुम्ही शेवटून दुसऱ्या स्टँडवर बसाल का. आधी त्यांना वाईट वाटलं. मी त्यांना सांगितलं की पुढचा स्टँड मी सांभाळतो, पण मागचे चौघं तुमच्या भरवशावर राहतील. तीन तालमींत विभागाचा आवाज बदलला. मागे एक पक्का हात असला की मधले सगळे दोन खांबांमध्ये बांधल्यासारखे स्थिर होतात. तुमच्याकडच्या वादकाला पुढेच बसायचं असेल तर तिला शेजारी घ्या आणि एकटीच्या ओळी आल्या तर वाटून घ्या.

काही वाद्यवृंद कार्यक्रमापुरते पैसे देऊन पेशेवर वादक पहिल्या खुर्च्यांवर आणून बसवतात. एखाद्या अवघड रचनेसाठी ते समजू शकतं. पण शेवटच्या तालमीला येऊन बोइंग बदलून जाणारा पाहुणा विभागाचं नुकसान करून जातो. तेच मानधन देऊन त्याला दोन महिने आधी एका विभागीय तालमीला बोलवा आणि शिकून घ्या.

विभागीय तालीम तुम्हाला घ्यावी लागेल. पाऊण तास पुष्कळ झाला. रचना पहिल्या सुरापासून सुरू करू नका. तीन जागा निवडा, ज्या तुम्हाला स्वतःला अडतात त्याच. आधी वाद्य मांडीवर, हातानं ताल धरून सुरांची लय तोंडानं म्हणायला लावा. निम्म्याहून जास्त चुका इथेच सुटतात, कारण बोटांची वाटणारी चूक बहुतेकदा मोजण्याची असते. मग निम्म्या लयीत. मग एकेक स्टँडला नको, दोन-दोन स्टँडना मिळून वाजवायला सांगा, म्हणजे कुणी एकटा उघडा पडत नाही.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. एका कार्यक्रमात विश्रांतीच्या बारमध्ये, म्हणजे आम्ही गप्प राहायच्या मात्रागटात, मागून कुणीतरी एक सूर वाजवला, स्पष्ट, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असा. मी मान वळवून मागे पाहिलं. एक क्षणभरच. ती व्यक्ती पुढच्या हंगामात आली नाही, आणि नंतर मला कळलं की व्हायोलिनच सोडलं. मला अजून तो क्षण आठवला की लाज वाटते. कार्यक्रमात प्रमुखाची मान मागे वळत नाही. चूक कुणाचीही असो, पाठ शांत ठेवायची आणि पुढची एन्ट्री नेहमीपेक्षा स्पष्ट द्यायची. चुकलेल्या माणसाला त्या वेळी हवी असते ती तेवढीच मदत.

आणि स्वतः चुकाल तेव्हा? एकदा मी एक बार आधी शिरलो आणि माझ्यामागे आठही जण शिरले. सूर बरोबर, जोर बरोबर, सगळे एक बार पुढे. आपल्यावर किती विश्वास आहे ते मला त्या चुकीनं दाखवलं. तेव्हापासून मी लांब विश्रांतींमध्ये पार्टवर दुसऱ्या वाद्याची खूण लिहून ठेवतो, 'क्लॅरिनेट संपला की दोन बार', अशी, आणि शेजाऱ्याबरोबर ठरवतो की दोघंही मोजायचं, दर दहा बारला मांडीवर बोट टेकवायचं. दोघांची बोटं एकाच वेळी टेकली नाहीत तर खात्री होईपर्यंत गज उचलायचा नाही. उशिरा आलेला विभाग सावरता येतो, ठामपणे चुकीच्या जागी आलेला नाही.

पहिल्या तालमीला अर्धा तास आधी जा. आधी शेवटच्या खुर्चीवर बसा आणि तिथून तुमची खुर्ची बघा. उजवं कोपर दिसेल अशी ती थोडी बाहेर सरकवा. पहिली व्हायोलिनं आणि कंडक्टर दोघंही तुमच्या नजरेत राहतील इतकीच. प्रत्येक स्टँडवर एक टोक केलेली पेन्सिल ठेवा. जागा सोडणाऱ्या बाईंकडून त्यांचे जुने पार्ट मागून घ्या, त्यातल्या खुणा सोन्याच्या मोलाच्या असतात, आणि त्यांना विचारा की विभागात राहणार का, कुठे बसायला आवडेल. वादक येतील तसे प्रत्येकाला नावानं हाक मारा. मग जागेवर या आणि ओबोचा सूर आला की सगळ्यांत बारीक आवाजात तुमची ए तार जुळवा.